फोन टॅपिंग, सीडीआर आणि मोबाइलजप्ती: सरकारी पाळतीचा कायदा आपल्या कामी कसा आणायचा

‘माझा फोन टॅप होतोय का?’ या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर नागरिकाला देण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही. टॅपिंग चालू असताना कुणी कळवत नाही आणि ते थांबल्यावरही कळवत नाही. ही या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव आहे. म्हणून या प्रश्नामागे धावण्यात वेळ घालवू नये. माहिती नेमकी कुठून घेतली, कोणत्या कलमाखाली घेतली आणि त्या कागदावर सही कुणाची आहे, हे तीन प्रश्न विचारायला शिकावं. त्यांची उत्तरं मिळवता येतात आणि कोर्टात ती उपयोगी पडतात.

सरकारी यंत्रणा आपल्या संवादापर्यंत तीन वाटांनी पोचते. पहिली वाट इंटरसेप्शनची, म्हणजे चालू कॉल किंवा मेसेज मधेच टिपण्याची. दुसरी वाट कंपन्यांकडे साठलेल्या नोंदी मागवण्याची: सीडीआर (कॉलची नोंद), आयपीडीआर (इंटरनेट जोडणीची नोंद), सिमचे कागद, ईमेल खात्याची माहिती. तिसरी वाट फोन किंवा लॅपटॉपच ताब्यात घेण्याची. तिन्हींचे कायदे, अधिकारी आणि आक्षेप घेण्याच्या जागा वेगळ्या आहेत. लोकांची, कधीकधी वकिलांचीही, गफलत इथेच होते. टॅपिंगचे नियम सीडीआरला लावले जातात आणि जप्तीवरचा आक्षेप टॅपिंगच्या कलमाखाली घेतला जातो. व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट कोर्टात आलं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप फोडलं असा समज आहे; प्रत्यक्षात अशी चॅट बहुतेक वेळा कुणाच्या तरी जप्त फोनमधून किंवा क्लाउडवरच्या बॅकअपमधून आलेली असतात. मग तो फोन आरोपीचा असो वा समोरच्याचा.

आधी काही गैरसमज

*#२१# दाबून टॅपिंग कळतं असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. हा कोड फक्त तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले आहेत का एवढंच दाखवतो. त्याचा उपयोग आहे, कारण फसवणूक करणारे लोक कॉल फॉरवर्डिंग लावून ओटीपी पळवतात. नको असलेलं फॉरवर्डिंग ##००२# ने काढून टाकता येतं. पण कायदेशीर टॅपिंग टेलिकॉम कंपनीच्या यंत्रणेत, तुमच्या फोनच्या बाहेर होतं. त्यामुळे आवाजात खरखर येत नाही, बॅटरी उतरत नाही, फोन तापत नाही. ही लक्षणं जुनी बॅटरी, खराब नेटवर्क किंवा फार तर फोनमध्येच बसलेल्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरची असू शकतात.

दुसरं, ‘तुमचा फोन आमच्या निगराणीखाली आहे, कॅमेरा बंद करू नका’ असं व्हिडिओ कॉलवर सांगणारा सीबीआय किंवा ईडीचा माणूस नसतो. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. ज्याच्यावर खरोखर पाळत आहे त्याला ती फोन करून कुणी सांगत नाही. कॉल कापा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

कोणाला काय दिसतं

साधा कॉल आणि एसएमएस टेलिकॉम कंपनीला उघडा असतो, त्यामुळे आदेश मिळाला की तो ऐकता-वाचता येतो. व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नलचा मजकूर दोन्ही टोकांच्या फोनवरच उलगडतो, मधल्या कुणालाही तो दिसत नाही. मात्र कोण कुणाशी, कधी, कोणत्या आयपी पत्त्यावरून जोडलं होतं हे बरंचसं दिसू शकतं. सिग्नलकडे खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढ्याच तारखा असतात. व्हॉट्सअ‍ॅपकडे त्याहून बरंच काही असतं.

सीडीआरमध्ये बोलणं नसतं. त्यात दोन्ही नंबर, वेळ, किती सेकंद बोलणं झालं, कोणत्या टॉवरच्या कोणत्या सेलवर फोन होता, फोनचा आयएमईआय आणि सिमचा आयएमएसआय हे ओळख क्रमांक असतात. आयपीडीआर ही इंटरनेटची तशीच नोंद: तुमचा आयपी, पोर्ट, कोणत्या आयपीशी जोडणी झाली, कधीपासून कधीपर्यंत. वेबसाइटचं पान त्यात दिसत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याची अट बदलली, तेव्हापासून या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. पूर्वी ही मुदत एक वर्ष होती. ‘दोन वर्षांपूर्वीचं लोकेशन काढलं’ असं तपास अधिकारी सांगतो तेव्हा त्याचा आधार हाच.

सेल आयडीवरून माणूस कुठे उभा होता हे मीटरमध्ये कळत नाही. दादरसारख्या दाट वस्तीत एका सेलचा पल्ला काहीशे मीटर असतो, मेळघाटासारख्या भागात तो कित्येक किलोमीटर जातो. शिवाय जवळच्या टॉवरवर गर्दी असेल तर फोन लांबच्या टॉवरला जोडला जातो. सीडीआरच्या आधारे ‘घटनास्थळी हजर’ म्हटलं असेल तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडून त्या सेलची दिशा आणि व्याप्ती मागवून घ्या. हा प्रश्न उलटतपासात विचारलाच जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे आपला इंटरनेट प्रवाह दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेणाऱ्या सेवेबद्दल, एक स्पष्ट बोलायला हवं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतात सेवा देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाची नाव-पत्त्यासह माहिती पाच वर्षं जपायची आहे. काही परदेशी कंपन्यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हर काढून घेतले. फुकटातला व्हीपीएन म्हणजे आपला सगळा प्रवाह एका अनोळखी कंपनीच्या हाती देणं. त्यापेक्षा काहीही न वापरलेलं बरं.

वेळ येण्याआधी करून ठेवायची कामं

सगळ्यात कच्ची जागा बॅकअपची. चॅट कितीही सुरक्षित असलं तरी त्याची प्रत गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर साधी पडली असेल तर त्या कंपनीला नोटीस देऊन ती मागवता येते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप, मग एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप या क्रमाने जा आणि तो सुरू करा. पासवर्ड किंवा ६४ अंकी-अक्षरी किल्ली निवडायला मिळते. ती कागदावर लिहून घरात ठेवा. ती हरवली तर बॅकअप कायमचा गेला, कंपनीही परत देऊ शकत नाही. समोरच्याचा बॅकअप उघडा असेल तर तुमच्या बाजूने घातलेलं कुलूप अपुरं पडतं, म्हणून ज्यांच्याशी महत्त्वाचं बोलता त्यांच्याकडूनही हे करून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅप कॉलमध्ये दोन्ही फोन अनेकदा थेट एकमेकांना जोडले जातात. मग आयपीडीआरमध्ये समोरच्याचा आयपी उमटू शकतो, आणि कोण कुणाशी बोललं याचा अंदाज बांधता येतो. प्रायव्हसीमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड विभागात कॉलमध्ये आयपी पत्ता झाकण्याचा पर्याय आहे, तो सुरू करा. कॉलचा दर्जा थोडा उतरतो.

फोनला चार अंकी पिन ठेवू नका. किमान सहा अंकी, शक्य तर अक्षरं मिसळलेला पासकोड ठेवा. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी महिन्यातून एकदा बघा. दुसऱ्याचं व्हॉट्सअ‍ॅप वाचायची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे त्याचा फोन दोन मिनिटं हातात घेऊन आपल्या लॅपटॉपला जोडणं, आणि ती सरकारपेक्षा घरच्या किंवा ऑफिसातल्या माणसांकडून जास्त वापरली जाते. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही तपासा. एका व्यक्तीला देशात बहुतेक ठिकाणी नऊ सिमची मर्यादा आहे; अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतो.

पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांच्यासाठी पेगॅससासारख्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा धोका वेगळा आहे. ते फोनच्या आत शिरतं, म्हणून एन्क्रिप्शन तिथे उपयोगी पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. पाचांत मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडलं, पण ते पेगॅससच आहे असा निष्कर्ष निघाला नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही हे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगितलं गेलं. असा धोका असेल तर आयफोनवर लॉकडाउन मोड सुरू करा, अपडेट आल्या दिवशीच टाका, फोन रोज एकदा बंद करून सुरू करा. अ‍ॅपलकडून धोक्याची सूचना आली, जशी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस भारतातल्या अनेक राजकीय नेत्यांना आणि पत्रकारांना आली होती, तर मेलमधल्या लिंकवर जाऊ नका. अ‍ॅपलच्या खात्यात स्वतः लॉगिन केल्यावर पानाच्या वरच ती दिसली तरच खरी. अशा वेळी फोन फॅक्टरी रिसेट करू नका. तपासणीसाठी लागणारा सगळा पुरावा त्याने पुसला जातो.

आणि एक इशारा. ही सगळी कामं शांततेच्या काळातली आहेत. नोटीस आल्यावर किंवा आपल्यावर गुन्हा दाखल झाल्याचं कळल्यावर चॅट पुसायला बसू नका. पुरावा म्हणून लागणारी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. मूळ प्रकरणात दम नसला तरी हा गुन्हा चिकटतो.

पोलिसांनी फोन मागितला तर

रस्त्यात, नाकाबंदीला किंवा चौकीत ‘फोन अनलॉक करून दाखव’ असं तोंडी सांगून चॅट चाळण्याचा सरसकट अधिकार कोणत्याही कलमात नाही. आवाज न चढवता विचारा: ‘साहेब, गुन्हा क्रमांक कोणता? कलम कोणतं? लेखी नोटीस देता का?’ बहुतेक वेळा एवढ्यावर प्रकरण थांबतं. नाही थांबलं तर अडवाअडवी करू नका. अधिकाऱ्याचं नाव, बक्कल नंबर, वेळ, ठिकाण लक्षात ठेवा आणि त्याच दिवशी लिहून काढा.

कागद असेल तर तो बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालचा असतो (१ जुलै २०२४ पूर्वीचं कलम ९१). पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा न्यायालय त्याखाली कागदपत्रं आणि आता स्पष्ट शब्दांत संवादाची उपकरणंही हजर करायला सांगू शकतं. नोटिशीत गुन्हा क्रमांक, नेमकं काय हवं आणि कोणत्या काळातलं हवं, हे असायला हवं. ‘तुमचे सर्व मोबाइल व पासवर्ड घेऊन हजर राहा’ असं लिहिलेलं असेल तर लेखी उत्तर द्या की तपासाशी संबंधित काळ आणि मजकूर कळवावा, तेवढं सादर करू. आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर स्पीड पोस्टाने आणि ठाण्याच्या अधिकृत ईमेलवर पाठवा.

प्रत्यक्ष जप्ती होते तेव्हा लक्ष पंचनाम्यावर असू द्या. पुढच्या सगळ्या लढाईचा पाया तिथेच घातला जातो. याच संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करणं बंधनकारक आहे आणि ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे जायला हवं. मुद्रण होत नसेल तर पंचनाम्यावर सही करताना ‘चित्रमुद्रण केले नाही’ असं हाताने लिहा. पंचनाम्यात प्रत्येक उपकरणाची कंपनी, मॉडेल, आयएमईआय (*#०६# दाबल्यावर दिसतो), सिम क्रमांक, मेमरी कार्ड, फोन चालू होता की बंद, स्क्रीन लॉक होता का, तो एअरप्लेन मोडवर टाकला का, कोणत्या पाकिटात सील केला आणि सीलवर कुणाच्या सह्या आहेत, हे सगळं यायला हवं. ‘एक काळ्या रंगाचा मोबाइल’ एवढीच नोंद असेल तर तिथेच आक्षेप नोंदवा. मुद्देमाल पावती न घेता हलू नका.

मग हॅश व्हॅल्यू. फोन किंवा हार्ड डिस्कमधल्या सगळ्या डेटावरून गणिताने काढलेला हा आकडा आहे. आतलं एक अक्षर बदललं तरी तो पूर्ण बदलतो. जप्तीच्या वेळीच तो काढून पंचनाम्यात लिहिला तर नंतर काही घुसवलं की नाही हे सिद्ध करता येतं. लॅपटॉप आणि पेन ड्राइव्हच्या बाबतीत हे जागेवर करणं शक्य असतं. फोनची हॅश जागेवर काढणं अवघड असतं, म्हणून सील आणि प्रयोगशाळेत सील उघडतानाची नोंद यांना महत्त्व येतं. आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला डेटाची क्लोन, म्हणजे हुबेहूब, प्रत मिळावी असा अर्ज पहिल्याच तारखेला करा. भीमा-कोरेगाव प्रकरणात अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये अहवाल दिला की एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये मालवेअरमार्फत फाइल्स ठेवल्या गेल्या होत्या. एनआयएने तो अहवाल मानला नाही. पण असं तपासता आलं ते बचाव पक्षाच्या हाती प्रत आली म्हणून.

पासवर्ड द्यावाच लागतो का, यावर न्यायालयांचं एकमत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या खंडपीठाने बोटांचे ठसे म्हणजे साक्ष नव्हे असं ठरवलं, त्यामुळे बोट लावून फोन उघडून घेण्याला आधार शोधला जातो. पासवर्ड डोक्यात असतो. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पासवर्ड देणं म्हणजे साक्ष नव्हे असं म्हटलं, तर पुढच्याच वर्षी दिल्लीतल्या सीबीआय न्यायालयाने आरोपीला तो सांगण्याची सक्ती करता येत नाही असं म्हटलं. व्यवहारात काय करावं? साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर वकिलाशी बोलून ठरवा. आरोपी असाल तर ‘अनुच्छेद २०(३) खाली हक्क राखून, न्यायालयाचा आदेश झाल्यास त्याप्रमाणे करेन’ हे वाक्य जबाबात लिहून घ्या. पण आयटी कायद्याच्या कलम ६९ खालचा रीतसर आदेश असेल तर गाठ वेगळ्या कायद्याशी आहे: त्यात डेटा उलगडून देण्यास मदत न केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

फोन परत मिळवण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ (खटला सुरू झाल्यावर कलम ४९७) खाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. प्रयोगशाळेने प्रत काढली असेल तर मूळ उपकरण अडकवून ठेवण्याचं कारण उरत नाही, हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात मांडा. कामधंदा त्या लॅपटॉपवर चालत असेल तर त्याचे पुरावे जोडा.

टॅपिंगचा आदेश कसा तपासायचा

टॅपिंग झालं होतं हे बहुतेकांना दोषारोपपत्र हाती आल्यावर कळतं. आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० खाली सर्व कागदांच्या प्रती द्यायच्या असतात. त्यात फक्त संभाषणांची उतरवलेली पानं असतील आणि आदेश नसेल, तर आदेश, त्याची प्रत्येक मुदतवाढ आणि पुनर्विलोकन समितीचा निष्कर्ष मागणारा अर्ज त्याच तारखेला द्या. मग आदेशाच्या तारखेवरून कायदा ठरवा. ६ डिसेंबर २०२४ पूर्वीचा आदेश असेल तर टेलिग्राफ कायदा १८८५ चं कलम ५(२) किंवा, २६ जून २०२४ नंतर, दूरसंचार अधिनियम २०२३ चं कलम २०(२), आणि टेलिग्राफ नियमांतला नियम ४१९-अ. त्यानंतरचा असेल तर तेच कलम २०(२) आणि २०२४ चे नवे इंटरसेप्शन नियम. ईमेल, संगणक, सर्व्हर यांवरचा असेल तर आयटी कायद्याचं कलम ६९ आणि २००९ चे नियम.

सही पाहा. केंद्राचा आदेश केंद्रीय गृह सचिवाचा, राज्याचा आदेश राज्याच्या गृह सचिवाचा लागतो. महाराष्ट्रात गृह विभाग मंत्रालयातून तो निघतो. अपरिहार्य परिस्थितीत सहसचिव दर्जाचा, आधीच अधिकार दिलेला अधिकारी सही करू शकतो. दुर्गम भागात किंवा कारवाईच्या निकडीमुळे आधी आदेश घेणं शक्य नसेल तर राज्यात पोलीस महानिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी टॅपिंग सुरू करू शकतो, पण तीन कामाच्या दिवसांत गृह सचिवाला कळवावं लागतं आणि सात कामाच्या दिवसांत मंजुरी मिळावी लागते. ती मिळाली नाही तर टॅपिंग तत्काळ थांबतं, आणि २०२४ च्या नियमांनुसार मिळालेले संदेश पुरावा म्हणूनही वापरता येत नाहीत. कॅलेंडर घेऊन सुट्ट्या वजा करत हे दिवस मोजा. या मोजणीत चूक सापडणं हे आश्चर्य नाही.

२० डिसेंबर २०१८ च्या आदेशात केंद्राने दहा यंत्रणांची यादी दिली: आयबी, एनसीबी (अमली पदार्थविरोधी यंत्रणा), ईडी, प्रत्यक्ष कर मंडळ, डीआरआय (महसूल गुप्तचर संचालनालय), सीबीआय, एनआयए, रॉसाठी मंत्रिमंडळ सचिवालय, ठरावीक प्रदेशांसाठी सिग्नल इंटेलिजन्स संचालनालय आणि दिल्ली पोलीस आयुक्त. या यंत्रणा टॅपिंग करतात, आदेश देत नाहीत. यंत्रणेच्याच अधिकाऱ्याच्या सहीवर नेहमीचं टॅपिंग झालेलं दिसलं तर ते उचलून धरा.

मुदत पाहा. एक आदेश साठ दिवसांपर्यंत चालतो, मुदतवाढीसह एकूण १८० दिवसांच्या वर जात नाही. प्रत्येक संभाषणाची तारीख आदेशांच्या तारखांशेजारी मांडून एक तक्ता करा. दोन आदेशांमध्ये चार दिवसांची फट असेल आणि नेमकं महत्त्वाचं संभाषण त्या फटीत पडत असेल तर सगळा खटला तिथे डळमळतो.

समिती पाहा. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, राज्यात मुख्य सचिव हे पुनर्विलोकन समितीचे अध्यक्ष. तिने दोन महिन्यांतून किमान एकदा बसून प्रत्येक आदेश कायद्यात बसतो का ते नोंदवायचं असतं. या समितीत न्यायाधीश नाही, बाहेरचा कुणी नाही. टॅपिंगला परवानगी देणारं आणि ती तपासणारं एकच प्रशासन आहे. आमच्या मते ही रचनाच चुकीची आहे, आणि २०२४ च्या नियमांत ती सुधारण्याची संधी दवडली गेली.

शेवटी कारण पाहा. कलम ५(२) आणि कलम २०(२) दोन्हींत पहिली पायरी ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ ही आहे. ती ओलांडल्यावरच देशाची सुरक्षा, सुव्यवस्था वगैरे कारणं येतात. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही परिस्थिती गुप्त नसते, सामान्य माणसाला ती दिसायला हवी. आणि माहिती दुसऱ्या वाटेने मिळू शकते का याचाही विचार व्हायला हवा. याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी एका लाचखोरीच्या प्रकरणातले सीबीआयसाठीचे टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि नोंदी नष्ट करायला लावल्या. लाचेचा संशय म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेला धोका नव्हे, असा त्याचा गाभा. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये २०११ चा एक आदेश याच तर्काने रद्द केला. उलट दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये भ्रष्टाचाराच्या प्रकरणातलं टॅपिंग सार्वजनिक सुरक्षिततेच्या कक्षेत बसवलं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या खालच्या न्यायालयांवर मुंबईचा निकाल बंधनकारक आहे, म्हणून तो अर्जासोबत पूर्ण जोडा. मात्र कलम ६९ मध्ये आणीबाणीची पायरीच नाही आणि ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ हेही कारण चालतं. तिथे हा निकाल जसाच्या तसा लागू पडणार नाही. तिथे खासगीपणाला मूलभूत हक्क मानणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातली प्रमाणबद्धतेची कसोटी आणि २००९ च्या नियमांतला आठवा नियम, म्हणजे इतर मार्गांचा विचार, यांवर भर द्या.

सरकारी पक्ष एक जुना मुद्दा हमखास काढतो: बेकायदा मिळवलेला पुरावाही संबंधित असेल तर चालतो. मुंबईच्या कॉरोनरच्या लाचखोरीच्या खटल्यात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं होतं. तिथे मात्र संभाषणातल्या एका पक्षाच्या संमतीने ध्वनिमुद्रण झालं होतं, आणि तो काळ खासगीपणा मूलभूत हक्क मानण्यापूर्वीचा होता. दोन्ही फरक लेखी युक्तिवादात मांडा.

ध्वनिफीत, सीडीआर, चॅटची छापील पानं, काहीही असो, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे असा निकाल जुन्या कलम ६५-बवर जुलै २०२० मध्ये आला, तोही जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत: पहिला नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश व्हॅल्यू आणि ती काढण्याची पद्धत लिहायची असते. दुसरा भाग कोरा किंवा हॅशची जागा रिकामी असेल तर पुरावा दाखल होत असतानाच हरकत घ्या. नंतर उशीर झाला म्हणतात.

आदेशालाच आव्हान द्यायचं तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट करावी लागते, ती मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर किंवा गोव्यात, जिल्ह्याप्रमाणे.

सीडीआरसाठी गृह सचिवाच्या आदेशाची गरज नसते. २०१३ नंतरच्या सूचनांनुसार ती मागणी पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडून जायला हवी. सीडीआर पैसे देऊनही विकली जात होती हे २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांना अटक केली तेव्हा उघड झालं. घटस्फोट, मालमत्ता किंवा धंद्याच्या भांडणात समोरच्याकडे तुमची सीडीआर दिसली तर ती त्याच्याकडे कायदेशीर मार्गाने येणं जवळजवळ अशक्य आहे. बेकायदा इंटरसेप्शन किंवा टेलिकॉम डेटा अनधिकृतपणे मिळवल्याबद्दल दूरसंचार अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड आहे. सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या आणि त्या पानांवरचा छपाईचा दिनांक व मागणी क्रमांक तपासायला सांगा.

माहिती अधिकारात काय मागायचं

‘माझा नंबर टॅप आहे का’ असं माहिती अधिकारात विचारू नका. कलम ८(१)(अ) दाखवून नकार येतो, आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०२३ मध्ये तो नकार योग्य ठरवला. आयबी, रॉ, सीबीआय, एनआयए, ईडी यांना कलम २४ खाली सूट आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरतीच ती उठते. पण एकूण आकडेवारी मागता येते. २०१३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशाच अर्जाला उत्तर दिलं होतं: महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० फोन टॅपिंगचे आणि ३०० ते ५०० ईमेलचे आदेश निघतात. देशात या विषयावर सार्वजनिक चर्चेत आलेल्या मोजक्या अधिकृत आकड्यांपैकी हा एक.

महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, सोबत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मजकूर असा ठेवा:

‘प्रति, जन माहिती अधिकारी, गृह विभाग, मंत्रालय, मुंबई. कालावधी: मागील सहा महिने. हवी असलेली माहिती: १) दूरसंचार अधिनियम २०२३, कलम २०(२) खाली सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेल्या आदेशांची महिनानिहाय एकूण संख्या. २) त्यांपैकी मुदतवाढीच्या आदेशांची संख्या. ३) आपत्कालीन स्थितीत सुरू झालेल्या व नंतर मंजुरी न मिळालेल्या प्रकरणांची संख्या. ४) पुनर्विलोकन समितीच्या बैठकांच्या तारखा आणि तिने रद्द केलेल्या आदेशांची संख्या. कोणतीही व्यक्ती, क्रमांक किंवा प्रकरणाचा तपशील मागितलेला नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. कलम ८ चा नकार त्यावरच अडतो. टॅपिंगच्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट करण्याचा नियम आहे आणि ‘नोंदी उपलब्ध नाहीत’ हे उत्तर तिथून येतं. म्हणून अर्ज वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, मागच्या सहा महिन्यांपुरता केलेला जास्त बरा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर पुढच्या तीस दिवसांत त्याच विभागातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा, आणि त्याच्या निर्णयानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अपिलात समितीच्या बैठकांच्या तारखांवर सर्वाधिक जोर द्या: बैठक झाली की नाही, हे सांगण्याने कोणताही तपास उघड होत नाही.